फॅन्टसी फुटबॉल: भरवशाचा टॉपचा वाइड रिसीव्हर कसा ओळखायचा, पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

ऑगस्ट लागला की पुण्याहून माझ्या आतेभावाचा फोन येतोच. त्याच्या कंपनीचं सगळं काम अमेरिकेतल्या क्लायंटसोबत, तिकडच्या टीमने दोन वर्षांपूर्वी त्याला त्यांच्या फॅन्टसी लीगमध्ये ओढलं (अमेरिकन फुटबॉल, म्हणजे एनएफएलच्या खऱ्या खेळाडूंची आपली टीम लावायची आणि त्यांच्या मॅचमधल्या आकड्यांवर पॉइंट मिळवायचे) आणि तेव्हापासून "दादा, ड्राफ्ट शनिवारी आहे, पहिला कोणाला उचलू?" हे ठरलेलं. ड्राफ्ट म्हणजे लीगमधल्या सगळ्यांनी राउंडमागून राउंड आळीपाळीने एकेक खेळाडू उचलायचा. मी न्यू जर्सीत राहतो, ऑफिसच्या लीगमध्ये बरीच वर्षं खेळतोय, त्यामुळे तो मला विचारतो. त्याला फोनवर तुकड्यातुकड्याने जे सांगितलं ते सगळं एकदा नीट लिहून काढतोय, कारण इथे नवीन आलेली बरीच आपली मंडळी ऑफिसच्या लीगमध्ये नाव घालतात आणि मग यादीत वरचं नाव दिसलं की बटण दाबतात, आणि ऑक्टोबरपर्यंत वैतागून लाइनअप लावायचंच सोडून देतात. रिसीव्हर नीट निवडता आले तर ही वेळ येत नाही.

आकडे मी २०२४ च्या सीझनपर्यंतचे वापरलेत. खेळाडू बदलत राहतील, बघायची पद्धत तीच राहते.

आधी हिशोब समजून घ्या

वाइड रिसीव्हर म्हणजे क्वार्टरबॅकने फेकलेला बॉल झेलणारा. आपल्याला पॉइंट कसे मिळतात? दर १० यार्डला १ पॉइंट, टचडाउनला (बॉल समोरच्या टोकाच्या रेषेपार नेला की) ६. आणि तिसरी गोष्ट, जी प्रत्येक लीगमध्ये वेगळी असते: नुसता कॅच घेतल्याचा पॉइंट. स्टँडर्ड लीगमध्ये कॅचला काहीच नाही, हाफ पीपीआरमध्ये (पीपीआर म्हणजे पॉइंट पर रिसेप्शन, कॅचमागे पॉइंट) अर्धा, फुल पीपीआरमध्ये एक. समजा तुमच्या माणसाने ७ कॅच, ८४ यार्ड आणि १ टचडाउन केला. स्टँडर्डमध्ये १४.४, हाफमध्ये १७.९ आणि फुल पीपीआरमध्ये २१.४. एकाच मॅचमध्ये सात पॉइंटचा फरक! म्हणून अॅप ईएसपीएनचं असो, याहूचं असो की स्लीपर, लीगच्या सेटिंगमध्ये जाऊन हे पहिलं बघा, बाकी सगळं नंतर. मी खाली सगळीकडे फुल पीपीआर धरलंय आणि फक्त रिसीव्हिंगचे पॉइंट मोजलेत.

क्रिकेटची फॅन्टसी टीम लावायची सवय असेल तर एक गोष्ट डोक्यातून काढा. तिथे एकच बॅट्समन हजार लोकांच्या टीममध्ये असू शकतो आणि दर मॅचला नवी टीम. इथे तुमच्या १२ जणांच्या लीगमध्ये एक खेळाडू एकाकडेच, आणि तो तुमच्याकडे सीझनभर राहणार. म्हणून "आज चालेल का" यापेक्षा "सतरा मॅच चालेल का" हा प्रश्न मोठा.

टॉपचा म्हणजे नेमका कोण

बहुतेक लीगमध्ये दोन किंवा तीन रिसीव्हर लावायचे असतात, वर एक फ्लेक्स, म्हणजे रिसीव्हर, रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) किंवा टाइट एंड (झेलणारा आणि अडवणाराही) यातलं कोणीही बसवता येईल अशी जागा. १२ टीम धरल्या तर पहिले १२ रिसीव्हर हे प्रत्येकाचे "नंबर वन" झाले. यांनाच मी टॉपचे म्हणतोय, आणि मोजमाप म्हणाल तर साधारण मॅचला १७-१८ पॉइंट किंवा त्याहून जास्त, आणि हे पॉइंट बऱ्यापैकी सारखे येणारे.

सारखे येणारे यावर जोर का देतोय ते बघा. एका रिसीव्हरने चार आठवड्यांत ३०, ४, ६, २८ केले. दुसऱ्याने १६, १७, १५, २०. दोघांची बेरीज ६८. पण पहिल्याने तुम्हाला दोन मॅच जवळपास हरवल्या आणि दोन अशा जिंकून दिल्या जिथे कदाचित वीस पॉइंटमध्येही काम झालं असतं. दर आठवड्याला लीगमधल्या कुणा एकाविरुद्ध मॅच असते, उरलेले पॉइंट पुढच्या आठवड्यात नेता येत नाहीत. महिन्याचा पगार आणि कधीतरी लागणारी लॉटरी यात जो फरक, तोच हा.

खरं उदाहरण देतो. ज्युलिओ जोन्स, अटलांटा फाल्कन्स, २०१७. ८८ कॅच, १,४४४ यार्ड, ३ टचडाउन, म्हणजे सुमारे २५० पॉइंट. पण त्यातले ४९ एकाच मॅचमध्ये, नोव्हेंबरमध्ये टॅम्पा बेच्या विरुद्ध: १२ कॅच, २५३ यार्ड, २ टचडाउन. ती एक मॅच बाजूला काढली तर उरलेल्या १५ मॅचमध्ये सरासरी १३.४. खेळाडू म्हणून तो किती मोठा होता यात वादच नाही, पण त्या वर्षी ज्याने त्याला पहिल्या राउंडला घेतलं त्याला बहुतेक आठवडे साधेच गेले. वर्षाची बेरीज हे सगळं झाकून टाकते. म्हणून नुसती बेरीज बघू नका, एकेका मॅचचा तक्ता उघडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: टार्गेट

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

टार्गेट म्हणजे क्वार्टरबॅकने या माणसाकडे किती वेळा बॉल फेकला, कॅच झाला की नाही ते नंतर. क्रिकेटमध्ये बॅट्समनला स्ट्राइकच मिळाली नाही तर तो कितीही भारी असो, रन कुठून काढणार? इथेही तसंच. टार्गेट ही रिसीव्हरची स्ट्राइक आहे. कॅच, यार्ड, टचडाउन हे सगळं त्याच्यातून येतं, आणि यातलं टार्गेट हेच सगळ्यात स्थिर असतं कारण ते नशिबावर नाही तर कोच आणि क्वार्टरबॅकच्या विश्वासावर चालतं.

एक टीम मॅचला साधारण ३० ते ३५ पास फेकते. त्यातले पंचवीस टक्के किंवा जास्त एकाच माणसाकडे जात असतील तर तो टॉपचा उमेदवार. मॅचच्या भाषेत ८ ते १० टार्गेट. कूपर कप हा रिसीव्हर, २०२१ मध्ये १९१ टार्गेट, १७ मॅच, म्हणजे मॅचला अकराच्या वर. निकाल काय, १४५ कॅच, १,९४७ यार्ड, १६ टचडाउन, तिन्हीत लीगमध्ये पहिला. जमार चेस २०२४, सिनसिनाटी, १७५ टार्गेट, म्हणजे दहाच्या वर, १२७ कॅच, १,७०८ यार्ड, १७ टचडाउन, हाही तिन्हीत पहिला. सीडी लँब २०२३, डॅलस, १८१ टार्गेट आणि १३५ कॅच. वर्ष कुठलंही काढा, वरच्या नावांसमोर टार्गेटचा आकडा असाच मोठा दिसतो.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक इथलीच होती. एका रिसीव्हरला मी दुसऱ्या राउंडला घेतलं कारण आदल्या वर्षी त्याचे टचडाउन भरपूर होते आणि हायलाइट्स बघून मी खूश. टार्गेट मॅचला जेमतेम पाच-सहा, ते मी बघितलंच नाही. पुढच्या वर्षी टचडाउन आटले आणि खाली आधाराला काहीच नव्हतं, तीन कॅच चाळीस यार्ड, दोन कॅच पंचवीस यार्ड, असे आठवडेच्या आठवडे. त्यात त्याची काही चूक नव्हती, तो आदल्या वर्षीइतकंच काम करत होता, चूक माझ्या बघण्यात होती. तेव्हापासून मी टार्गेटचा रकाना आधी आणि टचडाउनचा शेवटी वाचतो.

कुठे मिळेल हे? ईएसपीएनच्या खेळाडूच्या पानावर टार्गेटचा रकाना असतो, प्रो फुटबॉल रेफरन्सवर मॅचवार सगळं फुकट आहे. पैसे भरून काही घ्यायची गरज नाही, निदान पहिल्या दोन वर्षांत तरी नाही.

टचडाउनला भुलू नका

टचडाउन खूप वरखाली होतात. एका वर्षी जास्त झाले की पुढच्या वर्षी खाली यायची शक्यता जास्त, कमी झाले की वर जायची.

कॅल्विन जॉन्सनचं उदाहरण तर अगदी ठसठशीत आहे. २०१२ मध्ये डेट्रॉइटकडून १,९६४ यार्ड, एका सीझनचा रेकॉर्ड, १२२ कॅच, आणि टचडाउन फक्त ५. पुढच्या वर्षी १४ मॅचच खेळला, यार्ड १,४९२ वर आले, पण टचडाउन १२. तोच माणूस, तीच टीम, तोच क्वार्टरबॅक. म्हणजे ५ बघून "हा टचडाउन करत नाही" असं ठरवणारा फसला असता.

उलट बाजू डेवाँटे अॅडम्सची. २०२० मध्ये ग्रीन बेमध्ये १४ मॅचमध्ये १८ टचडाउन. एवढे परत होणार नाहीत हे कोणीही सांगितलं असतं, आणि झालेही नाहीत, २०२१ मध्ये ११ वर आले. पण टार्गेट १४९ वरून १६९ झाले होते, त्यामुळे मॅचला सरासरी २५-२६ वरून २१-२२ एवढीच उतरली, आणि २१-२२ म्हणजे अजूनही एकदम टॉप. फरक कळला ना? टचडाउन कमी झाले तरी टार्गेट ज्याला सावरतात तो भरवशाचा. टचडाउन गेले की ज्याचं सगळंच जातं तो नाही.

टचडाउनचा अंदाज घ्यायचाच असेल तर रेड झोनमधले टार्गेट बघा, म्हणजे समोरच्या टीमच्या शेवटच्या २० यार्डात त्याच्याकडे किती बॉल गेले. तिथे काही कोच रनिंग बॅककडे देऊनच काम उरकतात, काहींचा भर उंच टाइट एंडवर. तुमच्या माणसाकडे तिथेही बॉल जात असेल तर उत्तम.

मैदानावर किती वेळ असतो

याला स्नॅप आणि रूट म्हणतात. टीमने पास फेकायचा ठरवला त्या शंभर प्लेपैकी किती वेळा हा माणूस रूट, म्हणजे बॉल झेलायला ठरलेल्या वाटेने, पळाला? टॉपचे रिसीव्हर ८५-९० टक्क्यांच्या वर असतात, क्वचितच बाहेर बसतात. साठ-सत्तर टक्क्यांवाला एखाद्या मॅचमध्ये चमकेल पण त्याच्यावर सीझन बांधू नका. बस, याबद्दल एवढंच पुरे.

क्वार्टरबॅक कोण आहे

बॉल फेकणारा चांगला नसेल तर झेलणारा काय करणार, हे बरोबरच आहे, पण नवीन लोक याला एकतर अजिबात बघत नाहीत किंवा अति महत्त्व देतात. माझं मत असं की क्वार्टरबॅक रिसीव्हरचं छत ठरवतो आणि टार्गेट त्याची जमीन ठरवतात.

गॅरेट विल्सन, न्यू यॉर्क जेट्स, २०२३. अॅरन रॉजर्स येणार म्हणून सगळ्यांनी त्याला वर चढवला, आणि रॉजर्सला पहिल्याच मॅचमध्ये चार प्लेनंतर अकिलीसची दुखापत, सीझन संपला. विल्सनकडे तरी १६८ टार्गेट गेले, ९५ कॅच, १,०४२ यार्ड, पण टचडाउन फक्त ३. सरासरी १२.८. जमीन राहिली, छत खाली आलं. आता त्याच्यासमोर मलिक नेबर्स ठेवा, २०२४, न्यू यॉर्कचीच दुसरी टीम जायंट्स, क्वार्टरबॅकची परिस्थिती तिथेही वाईटच, नेबर्स रुकी (पहिल्याच वर्षाचा), आणि तरीही १५ मॅचमध्ये १७० टार्गेट, १०९ कॅच, सरासरी अठराच्या वर. मॅचला अकरा टार्गेट असले की वाईट बॉलसुद्धा पुरतात.

आणि जस्टिन जेफरसनसारखे थोडे असतात ज्यांना कोणीही फेका चालतं. २०२२ मध्ये मिनेसोटात कर्क कझिन्सबरोबर १२८ कॅच, १,८०९ यार्ड. २०२४ मध्ये कझिन्स अटलांटाला गेला, नवा आणलेला पोरगा जे. जे. मॅकार्थी सीझन सुरू व्हायच्या आधीच गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर, आणि शेवटी सॅम डार्नल्ड खेळला, ज्याच्यावर ऑगस्टमध्ये फार कमी लोकांचा भरवसा होता. जेफरसनचे १०३ कॅच, १,५३३ यार्ड, १० टचडाउन.

पण वेगावर, लांबच्या बॉलवर अवलंबून असलेल्या रिसीव्हरला क्वार्टरबॅक बदलला की जास्त झळ बसते. टायरिक हिल २०२३ मध्ये मायामीत १,७९९ यार्ड आणि १३ टचडाउन. २०२४ मध्ये क्वार्टरबॅक तुआ टागोवायलोआ कन्कशनमुळे (डोक्याला मार लागून) बरेच आठवडे बाहेर, हिल तिशीचा झालेला, मनगट दुखावलेलं, आणि आकडे ९५९ यार्ड, ६ टचडाउन. पूर्ण १७ मॅच खेळून. हा २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या तीन-चार रिसीव्हरमध्ये जात होता हे लक्षात घ्या. वय, क्वार्टरबॅकच्या दुखापतींचा इतिहास आणि खेळायची पद्धत, तिन्ही धोक्याच्या खुणा एकत्र आल्या की मी एक राउंड खाली थांबतो, मिळाला तर मिळाला.

आता कागद घ्या

खरंच कागद. मी ड्राफ्टच्या आदल्या रात्री जेवण झाल्यावर डायनिंग टेबलवर वहीचं एक पान आडवं धरतो आणि सहा रकाने आखतो: नाव, गेल्या दोन वर्षांचे मॅचवार टार्गेट, किती मॅच खेळला, क्वार्टरबॅक कोण आणि तोच आहे का, कोच किंवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (ऑफेन्सचे डाव आखणारा) बदलला का, बाय वीक (टीमच्या सुट्टीचा आठवडा). वीस-पंचवीस नावं. तासाभराचं काम, आणि ड्राफ्टमध्ये तुमच्या नावावर घड्याळ उलटं पळायला लागतं तेव्हा हेच पान उपयोगी पडतं, तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो.

आतेभावाला मी फोनवर एक ओळ भरून दाखवली होती ती इथे देतो. अमॉन-रा सेंट ब्राउन, डेट्रॉइट लायन्स. २०२१ मध्ये चौथ्या राउंडला निवडला गेला, म्हणजे एनएफएलच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये, तेव्हा फार गाजावाजा नव्हता.

२०२१: ९० कॅच, ९१२ यार्ड, ५ टचडाउन.
२०२२: १०६ कॅच, १,१६१ यार्ड, ६ टचडाउन.
२०२३: ११९ कॅच, १,५१५ यार्ड, १० टचडाउन.
२०२४: ११५ कॅच, १,२६३ यार्ड, १२ टचडाउन.

टार्गेट २०२३ मध्ये १६४, २०२४ मध्ये १४१, म्हणजे मॅचला दहा आणि मग आठच्या वर. चार वर्षांत एकाही वर्षी १६ पेक्षा कमी मॅच नाहीत. क्वार्टरबॅक चारही वर्षं जॅरेड गॉफ. आता कोचचा रकाना: ऑफेन्स चालवणारा बेन जॉन्सन २०२४ नंतर शिकागो बेअर्सचा हेड कोच होऊन गेला. म्हणजे पाच रकाने हिरवे, एकात प्रश्नचिन्ह. "मग दादा घेऊ ना याला?" "घे. एका प्रश्नचिन्हाने माणूस बाद होत नाही, तीन झाली की विचार कर." हा माझा ठोकताळा आहे, नियम नाही, पण इतक्या वर्षांत त्याने मला फारसं फसवलेलं नाही.

आणि अजून एक बारकावा. २०२३ पेक्षा २०२४ मध्ये सेंट ब्राउनचे टार्गेट तेवीस कमी आहेत पण टचडाउन दोन जास्त. वरचं टचडाउनचं वाचलंत ना, मग १२ हा आकडा बघून त्याला आणखी वर चढवू नका. तो जिथे आहे तिथे ठीक आहे, मॅचला अठरा पॉइंट, आठवड्यामागून आठवडा.

दुखापती

इथे कोणाचीच खात्री देता येत नाही. मायकल थॉमसने २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्सकडून १४९ कॅच घेतले, एका सीझनचा रेकॉर्ड. पुढच्या वर्षी पहिल्याच मॅचमध्ये घोटा दुखावला, सात मॅच खेळला, त्याच्या पुढच्या वर्षी एकही नाही. कूपर कप २०२१ च्या त्या अफाट वर्षानंतर ९ मॅच खेळून घोट्यामुळेच बाहेर. यात ज्यांनी त्यांना घेतलं त्यांची काही चूक नव्हती, वेडेपणा नव्हता, त्या वेळी मीही तेच केलं असतं.

बघायचं एवढंच की एकच दुखापत पुन्हा पुन्हा होते आहे का. हाड मोडून जुळलं की बहुतेक वेळा प्रश्न संपतो, पण हॅमस्ट्रिंग ही रिसीव्हरची वैरीण आहे, लवकर परत आला की परत दुखावते. ड्राफ्टच्या वेळी ऑगस्टच्या कॅम्पमध्ये कोणी हॅमस्ट्रिंगमुळे सराव करत नाहीये अशी बातमी असेल तर ती गंभीरपणे घ्या.

रुकी घ्यायचा का

नेबर्सचं सांगितलं, पूका नकुआचंही सांगतो, एनएफएलच्या ड्राफ्टमधला पाचव्या राउंडचा पोरगा, २०२३ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सकडून १०५ कॅच आणि १,४८६ यार्ड, दोन्ही तेव्हा रुकीचे रेकॉर्ड. पण त्याला ऑगस्टमध्ये जवळपास कोणीच ड्राफ्ट केलं नव्हतं, पहिल्या आठवड्यानंतर लोकांनी वेव्हरवरून (कोणी न घेतलेल्या खेळाडूंच्या यादीतून) उचलला. याच्या उलट मार्विन हॅरिसन ज्युनिअर, एनएफएलच्या २०२४ च्या ड्राफ्टमधला चौथा पिक, सगळ्यांच्या यादीत वरती. पहिली मॅच १ कॅच, ४ यार्ड. दुसरी मॅच ४ कॅच, १३० यार्ड, २ टचडाउन. वर्षाअखेर ८८५ यार्ड आणि ८ टचडाउन, रुकीसाठी चांगलंच, पण ज्या किमतीला घेतला त्या मानाने कमी. माझा सल्ला, तुमचा पहिला रिसीव्हर रुकी नको. तिसरा किंवा चौथा असेल तर आनंदाने घ्या.

ड्राफ्टच्या रात्री

बहुतेक लीगमध्ये ड्राफ्ट नागमोडी असतो, पहिल्या राउंडला शेवटी असलेला दुसऱ्या राउंडला पहिला. पहिले दोन-तीन पिक भरवशाला द्या, चमकधमकवाले नंतर. दोन रिसीव्हर सारखे वाटले तर पानावरचा टार्गेटचा रकाना बघा, तिथेही सारखे असतील तर ज्याचा क्वार्टरबॅक तोच राहिलाय तो घ्या. बाय वीकची काळजी पहिल्या चार राउंडमध्ये करू नका, एक आठवडा सगळ्यांनाच सुट्टी मिळते. चांगला माणूस केवळ बाय जुळतो म्हणून सोडणं बरोबर नाही.

सीझन सुरू झाल्यावर

बुधवार ते शुक्रवार सरावाचे रिपोर्ट येतात. बुधवारी विश्रांती दिली तर घाबरू नका, मोठ्या खेळाडूंना देतातच. शुक्रवारीही सराव केला नसेल तर मात्र बेंचवरचा माणूस तयार ठेवा. शेवटची यादी मॅचच्या दीड तास आधी लागते. म्हणजे इथल्या दुपारी एकच्या मॅचसाठी साडेअकराला. पुण्यात बसून खेळणाऱ्यांसाठी रात्री ९, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागे गेली की रात्री १०. आतेभाऊ रविवारी जेवण आवरून बरोबर नऊला फोन घेऊन बसतो, पंधरा मिनिटांत लाइनअप बघतो आणि निवांत होतो. उशिराच्या मॅच तिकडे मध्यरात्रीनंतर दीड-दोनला, घड्याळं मागे गेल्यावर अडीच-तीनला सुरू होतात, त्यातला कोणी अडखळत असेल तर झोपायच्या आधीच काय ते ठरवा.

गुरुवारच्या मॅचचा रिसीव्हर फ्लेक्समध्ये लावू नका, रिसीव्हरच्या जागी लावा, म्हणजे रविवारी कोणी ऐनवेळी बाहेर गेला तर फ्लेक्समध्ये रनिंग बॅक, टाइट एंड कोणीही बसवता येतो. आणि थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात गुरुवारी तीन मॅच असतात, डेट्रॉइट आणि डॅलस दरवर्षी ठरलेले. सेंट ब्राउन किंवा लँब तुमच्याकडे असेल तर बुधवारीच लाइनअप लावून टाका, सुट्टीच्या गडबडीत हमखास विसरतं. मागच्या एका वर्षी आमच्या लीगमध्ये दोघांचे चांगले रिसीव्हर बेंचवर राहून गेले, दोघेही विमानात होते.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, टॉपचा म्हणून घेतलेला रिसीव्हर दोन आठवडे चालला नाही तर काय करायचं. पॉइंट बघू नका, टार्गेट बघा. ९ टार्गेट, ४ कॅच, ३८ यार्ड असं असेल तर काही हात लावू नका, बॉल त्याच्याकडे येतोय, पॉइंटही येतील, उलट लीगमधला दुसरा कोणी अशा माणसाला वैतागून विकत असेल तर तुम्ही ट्रेडची ऑफर टाका. पण टार्गेट ९ वरून ६, मग ५ असे उतरत असतील आणि त्याच टीमच्या दुसऱ्या रिसीव्हरचे चढत असतील तर काहीतरी बदललंय. तिसऱ्या आठवड्यापर्यंत वाट बघा. मग त्याच्या एखाद्या चांगल्या मॅचनंतर, दोन टचडाउन वगैरे झाले की, त्याच मंगळवारी त्याला ट्रेडमध्ये द्या. समोरचे त्या दिवशी टचडाउन बघत असतात.